दोन दातांची घाई : शंकरपटाच्या नव्या गोऱ्ह्यांची पारख

पोळा झाला, सोयाबीन निघालं, कापसाची पहिली वेचणी घरात आली की वणीच्या बाजारात, चहाच्या टपरीवर, कृषी केंद्राच्या पायरीवर एक चौकशी सुरू होते : यंदा कोणाचा गोऱ्हा निघणार? ‘निघणं’ हे पटाच्या शौकिनांचं खास क्रियापद आहे. गोऱ्हा जन्मतो, वाढतो, विकला जातो. पण पटाच्या दाणीवर धावून त्याचं नाव चार गावांत गेलं, तरच तो ‘निघाला’. दिवाळीनंतर पट भरू लागतात आणि उन्हाळा तापेपर्यंत चालतात. त्याआधीचा महिना-दीड महिना हा पारखीचा. या दिवसांत जे बोललं जातं त्यावर गोऱ्ह्यांचे भाव चढतात, जोड्या जुळतात नि फुटतात, आणि एखाद्या घरचे कापसाचे सगळे पैसे एका दोन वर्षांच्या जनावरात जाऊन बसतात.

एवढं ज्यावर अवलंबून आहे, त्या पारखीची परीक्षा कोणी करत नाही. नाटकाचं परीक्षण होतं, कुस्तीवर जाणकार लिहितात, क्रिकेटवर तर कोणीही लिहितो. शंकरपटाबद्दल छापून येतात ती बक्षिसांची रक्कम आणि उद्घाटकांची नावं. मी पशुवैद्यक नाही, शेतकी महाविद्यालयाची पायरी चढलेलो नाही. पटावर जायचं, वही घेऊन जायचं, आणि मिळेल ते पुस्तक डोकं खाजवत वाचायचं, एवढीच माझी तयारी. त्या वह्यांच्या आधारावर या लेखात एकच गोष्ट मांडायची आहे : नवा गोऱ्हा आपण आज केवळ सेकंदांवर जोखतो, आणि नव्या गोऱ्ह्याबाबत सेकंद हाच सर्वांत कच्चा पुरावा आहे.

विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगतो. पुणे जिल्ह्यातला बैलगाडा घाटात पळतो. जुकाटाला दोन बैल, धुरेला दोन, आणि पुढे घोडी. सातारा-सांगलीकडे मोकळ्या रानात अनेक गाड्या एकदम सुटतात नि जो आधी पोचतो तो पहिला. आपला शंकरपट वेगळा. सरळ आखलेली दाण, तिच्यावर दोन बैलांची जोडी, मागे हलका छकडा आणि त्यावर धुरकरी. शेजारी दुसरी दाण असली आणि तिच्यावर दुसरी जोडी सुटली, तरी खरी झुंज घड्याळाशी असते. सहा-सात-आठ सेकंदांत सगळं आटोपतं. अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरच्या पटाला शतकाहून मोठी परंपरा आहे. वर्धा नदी ओलांडून पूर्वेकडे झाडीपट्टीत गेलं तर दिवसा पट नि रात्री नाटक अशी गावाची वर्षाची बेगमीच ठरलेली. वणी या दोन्हींच्या मधलं गाव. १९०५ पर्यंत आजच्या यवतमाळ जिल्ह्याला वणीचंच नाव होतं. रंगनाथस्वामींची जत्रा आणि तिच्यातला बैलबाजार यांमुळे बैल बघणारी नजर इथे पिढ्यान्‌पिढ्या तयार होत गेली. आज तालुक्याचं नाव कोळशाच्या खाणींमुळे घेतलं जातं, पण खाणीत ड्यूटी करून आलेला माणूसही संध्याकाळी गोठ्यात जाऊन गोऱ्ह्याच्या पाठीवरून हात फिरवतो.

आता सेकंदांकडे वळू. एखाद्या गोऱ्ह्याबद्दल विचारलं की पहिलं उत्तर आकड्यात येतं. अमक्या पटावर इतका आला. विकायच्या जाहिरातीत रंगाआधी सेकंद असतात. मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रफितींवर संगीताच्या तालात सेकंदच नाचतात. हा आकडा कुठून येतो ते पाहा. ज्या पटावर हातातल्या घड्याळाने वेळ घेतात, तिथे सुटण्याची खूण डोळ्याने पाहून बोटाने कळ दाबायला माणसाला साधारण सेकंदाचा पाचवा हिस्सा लागतो. शेवटाला तो बऱ्याचदा अंदाजाने आधीच दाबतो. म्हणजे सुरुवातीची चूक एका दिशेची नि शेवटची दुसऱ्या दिशेची. सात सेकंदांच्या धावेत दशांश सेकंद म्हणजे अंतराचा सत्तरावा हिस्सा. दाण शंभर मीटरची धरली तर जवळपास दीड मीटर, अर्ध्याहून अधिक बैल! आणि आपण निकाल लावतो सेकंदाच्या शंभराव्या हिश्श्यावर. आपोआप चालू-बंद होणारं घड्याळ असेल तर हा दोष जातो हे खरं, पण तशा घड्याळावरचा आकडा आणि बोटाने घेतलेला आकडा बाजारात एकाच तागडीत तोलले जातात.

घड्याळ सुधारता येईल. दाणीचं काय? आमची काळी जमीन सकाळी दवाने बसलेली असते, दुपारी भुसभुशीत होते, आणि चाळीस जोड्या पळून गेल्यावर मधल्या पट्ट्यात खुरांनी आळी पडतात. एका गावी मुरूम टाकून रूळ फिरवलेली दाण, दुसऱ्या गावी नांगरटीच्या शेतातून कालच काढलेली. कुठे शेवटाकडे किंचित उतार असतो, जो उभ्या माणसाला दिसत नाही पण पाणी टाकलं की कळतो. ज्या गोऱ्ह्याने सकाळी उतारावर मुरमात वेळ काढली आणि ज्याने दुपारी चार वाजता काळ्या मातीत काढली, त्यांचे आकडे शेजारी मांडून आपण भाव करतो.

इंग्लंड-आयर्लंडमध्ये घोड्यांच्या अडथळा-शर्यती होतात, कुंपणं नि चर ओलांडत. १७५२ साली आयर्लंडमध्ये दोघांनी एका चर्चच्या मनोऱ्यापासून दुसऱ्या चर्चच्या मनोऱ्यापर्यंत घोडे दामटले, तिथून हा खेळ निघाला असं सांगतात. त्या लोकांनी दोन गोष्टी शिस्तीने सांभाळल्या आहेत. शर्यतीआधी जमीन किती मऊ नि किती कडक आहे हे जाहीर होतं. इंग्लंडात तर जमिनीत खुपसून मोजायची काठीच आहे, आणि जाणकार घोड्याची वेळ जमिनीच्या त्या नोंदीशी लावूनच वाचतो. दुसरी गोष्ट नवख्यांची. हंगाम सुरू होण्याआधी ज्याने त्या प्रकारची एकही शर्यत जिंकली नाही, तो नवखा. त्याच्या शर्यती वेगळ्या. नव्या हंगामाआधी तिथले लेखक नवख्या घोड्यांवर पानंच्या पानं लिहितात, आणि त्यातला मोठा भाग घोडा कुंपणाकडे कसा येतो, उडी चुकली तर कसा सावरतो, यावर असतो. आपल्या पटात कुंपण नाही, हे मान्य. पण दाणीची अवस्था पाटीवर लिहायला खर्च किती? खडूचा एक तुकडा.

तिसरी अडचण याहून खोल आहे. सेकंद जोडीचे असतात, गोऱ्ह्याचे नसतात. निघालेल्या बैलाच्या शेजारी नवा गोऱ्हा जुंपला तर जुना त्याला ओढून नेतो. आकडा चांगला येतो आणि मालक म्हणतो, माझा गोऱ्हा इतक्यात आला. उलटही होतं. जातिवंत गोऱ्हा घाबरट जोडीदाराशी जुंपला की जू तिरकं होतं, एकाच्या खांद्यावर सगळा भार येतो नि दोघंही वाया जातात. यातून एकट्या गोऱ्ह्याचा गुण वेगळा काढायची रीत साधी आहे : त्याच गोऱ्ह्याला दोन वेगळ्या जोडीदारांबरोबर, आणि उजव्या-डाव्या दोन्ही अंगांना जुंपून पाहायचं. घरच्या रानात हे सहज होतं. विकणारा मात्र ते करू देत नाही. आमचे हेडी रुमालाखाली बोटं दाबून लाखाची बोली करतील, पण ‘जरा उजवीकडे जुंपून दाखवा’ म्हटलं की त्यांना एकदम उशीर व्हायला लागतो.

इथवरचा आक्षेप मोजमापाचा होता. यापुढचा वयाचा आहे, आणि मला तो जास्त छळतो.

गुरांच्या खालच्या जबड्यात समोर आठ दात असतात. वर समोरचे दात नसतात. दुधाचे दात पडून पक्के यायला सुरुवात होते ती साधारण दोन वर्षांच्या सुमाराला. एकही पक्का दात नाही तो आदत, दोन आले तो दुसा, चार आले तो चौसा. पुढे सहादाती, आणि चारेक वर्षांचा झाला की आठही येऊन तो जुळतो. देशी जनावरात याला थोडा उशीरही लागतो. ही बाजाराची भाषा झाली. आता हाडांची बघा. लांब हाडांच्या टोकांशी वाढीची जी कूर्चा असते, ती भरून हाड पक्कं होण्याचा काळ प्रत्येक हाडाला वेगळा आहे. खुराच्या वरचं नळीचं हाड खालच्या टोकाला दोन-अडीच वर्षांत भरतं. मांडीचं हाड, पुढच्या पायाचं गुडघ्यावरचं हाड यांना साडेतीन ते चार वर्षं लागतात. लहानपणी खच्ची केलेल्यात आणखी उशीर. जुन्या वस्त्यांच्या उत्खननात सापडलेल्या हाडांवरून जनावराचं वय काढणारे अभ्यासक याच क्रमावर विसंबतात. हे मी प्रथम वाचलं तेव्हा दोन याद्या शेजारी लिहून काढल्या : इकडे दात, तिकडे हाडं. शेवटचा दात येण्याचा नि शेवटचं मोठं हाड पक्कं होण्याचा काळ जवळजवळ एकच निघाला. आमच्या जुन्या लोकांना कूर्चा ठाऊक नव्हती, पण ‘जुळल्याशिवाय जोर लावू नये’ असं ते सांगत, ते उगाच नव्हे.

आणि आज भाव कोणाला आहे? दुशाला. आदतलासुद्धा. कारण सरळ आहे. दुसा असतानाच सेकंद काढले तर पुढची सहा-सात वर्षं त्याची, असा खरेदीदाराचा हिशेब. पश्चिम महाराष्ट्रात आदत गट, दुसा गट असे दातांवरून गट पाडून शर्यती होतात. तिथेही कोवळ्या जनावराला पळवतातच, पण निदान त्याची गाठ बरोबरीच्याशी पडते. मी पाहिलेल्या आपल्या भागातल्या पटांत गट पडतात ते गावाचे, तालुक्याचे नि खुले. दोन दातांचा गोऱ्हा आणि आठ दातांचा बैल एकाच दाणीवर, एकाच घड्याळाखाली. इंग्लंडातला घोडा चार वर्षांचा होईपर्यंत मोठ्या कुंपणांवर नेत नाहीत. आपण बैलाला चार वर्षांत निकालात काढतो. एका पटावर मी पुढचा डावा पाय गुडघ्याशी सुजलेला दुसा पाहिला. मालकाने हळद-चुन्याचा लेप लावून त्याला दुसऱ्या दिवशी पुन्हा जुंपला होता. त्याच्या चालीत तो पाय जमिनीला अर्धा क्षण कमी टेकत होता, आणि निवेदक लाउडस्पीकरवर त्याला ‘वाऱ्याचं पोर’ म्हणत होता.

ही घाई अशी एकाएकी आलेली नाही. तिच्यामागे बंदीची वर्षं आहेत. २०११ साली केंद्राच्या अधिसूचनेने प्रदर्शन आणि प्रशिक्षणास मनाई असलेल्या प्राण्यांत बैल घातला. ७ मे २०१४ला सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यती नि जल्लिकट्टू बंद केले. राज्याने २०१७ला कायद्यात दुरुस्ती केली, पण ती कोर्टात अडकली. १६ डिसेंबर २०२१ला सर्वोच्च न्यायालयाने अटींसह परवानगी दिली आणि १८ मे २०२३ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्यांच्या दुरुस्त्या ग्राह्य धरल्या. बंदी योग्य की अयोग्य, यावर दोन्ही बाजूंनी भरपूर भाषणं झाली आहेत. तुतारी टोचून, शेपटी पिरगाळून बैल पळवले जात होते, हे मी पाहिलेलं आहे आणि ते थांबायलाच हवं होतं. पण त्या वर्षांचा एक परिणाम मला कोणाच्या भाषणात ऐकू आला नाही.

गोऱ्हा माणूस शिकवत नाही, बैल शिकवतो. नांगर असो की पट, नवा गोऱ्हा नेहमी जुन्या, शांत बैलाच्या शेजारी जुंपला जाई. सुटायचं कधी, दाणीच्या मधोमध राहायचं कसं, शेवटाला थांबायचं कुठे, हे त्याला शेजारच्या खांद्यावरून कळे. आता वर्षं मोजा. २०१४ला पाच वर्षांचा, ऐन भरातला बैल २०२१ला बारा वर्षांचा झाला. म्हणजे पट पुन्हा सुरू झाले तेव्हा पट पाहिलेला, पळू शकणारा बैल जवळपास उरलेलाच नव्हता. पहिल्या हंगामात दाणीवर उतरल्या त्या नवख्या-नवख्यांच्या जोड्या. त्यांना शिकवणार कोण? धुरकऱ्याचा हात नि आवाज. त्याच वर्षांत शेतातला बैलही कमी झाला. २०१२ आणि २०१९च्या पशुगणनांच्या मधल्या काळात देशातल्या गायींची संख्या सुमारे १८ टक्क्यांनी वाढली आणि नर गोवंश ३० टक्क्यांच्या आसपास घटला. ट्रॅक्टर आला, डवऱ्यापुरती एखादी जोडी उरली. गोऱ्ह्याची शाळा दोन्हीकडून बंद झाली. आजचा नवा गोऱ्हा पुष्कळदा जू खांद्यावर घेतो तेच पळण्यासाठी. ओझं ओढत सावकाश चालणं त्याने कधी केलेलंच नसतं. माणसांचंही तेच. ज्यांचं वय आज पंचविशीचं आहे त्यांनी वाढत्या वयात पट पाहिला तो मोबाइलवर. चित्रफीत सुटण्यापासून सुरू होते आणि रेघ ओलांडली की संपते. तेवढंच पाहिलेल्या नजरेला सेकंदांपलीकडे काही दिसत नाही, यात तिचा दोष थोडा आहे.

जुनी पारख सगळीच सोन्याची होती असं माझं म्हणणं नाही. तिच्यात भोवरे होते, गोम होती, रंगाचे शकुन होते. पाठीवर अमुक जागी भोवरा असला की घरधनी बुडतो, असं म्हणून चांगले गोऱ्हे मातीमोल विकले गेलेले आहेत. पण सरसकट हसण्याआधी एक नोंद. अमेरिकेतल्या टेम्पल ग्रँडिन या पशुवर्तनाच्या अभ्यासक बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ला प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असं आढळलं की कपाळावरचा भोवरा डोळ्यांच्या रेषेच्या वर असलेली गुरं पकडून ठेवल्यावर जास्त बिथरतात. आमचे म्हातारे कपाळाच्या भोवऱ्यावर बोट ठेवून ‘हा तापट निघेल’ म्हणत, त्यात कुठेतरी पाहणीचा अंश होता. कपाळाचा भोवरा मी वहीत लिहितो. पाठीचा लिहीत नाही.

जातीचंही असंच. आपल्या बाजूचा गवळाऊ हा हलक्या बांध्याचा, लांब निमुळत्या तोंडाचा, आखूड शिंगांचा, सरळ पायांचा. मराठी फौजांच्या जलद वाहतुकीसाठी ही जात घडली, असं पशुवंशाची जुनी पुस्तकं सांगतात. झाडीकडची कठाणी लहानखुरी नि काटक. खिलार पश्चिमेकडून आलेला, उंच, देखणा, आणि सध्या सगळ्यांना हवा असलेला. जातीवरून अंदाज करायला हरकत नाही. निकाल लावायला आहे. खिलाराचं कडक खूर माणदेशाच्या खडकाळ रानात घडलं, काळ्या चिकट मातीत ते कसं पडतं हे प्रत्येक गोऱ्ह्यागणिक पाहावं लागतं.

मग पाहायचं काय? माझ्या वहीतले रकाने थोडे आहेत. सुटताना दोघं एकदम उठतात की एक वाट पाहतो. अर्ध्या दाणीनंतर गोऱ्हा आत दाबतो की बाहेर फेकतो. कान कुठे आहेत : पुढे असले तर तो पळतोय, पूर्णवेळ मागे वळलेले असले तर मागच्या माणसापासून पळतोय. या दोन पळण्यांचे सेकंद सारखे येऊ शकतात, आयुष्य सारखं येत नाही. शेवटाची रेघ ओलांडल्यावर थांबायला किती लागतं, आणि थांबवायला किती माणसं लागतात. पण खरी माहिती त्यानंतर मिळते, परत येतानाच्या चालीत. त्या वेळी सगळ्या माना घड्याळाच्या पाटीकडे असतात आणि जोडी कडेकडेने एकटी परत येत असते. तोंड उघडं आहे का, जीभ बाहेर आहे का, फेस किती, कुठला पाय आखडतो, जोडीदाराच्या अंगाला अंग लावून चालतो की जुवाच्या टोकाला फाकतो. पटाच्या मैदानातली सगळ्यात स्वस्त नि सगळ्यात पक्की पारख इथे होते, आणि तिच्याकडे पाहणारे दोन-चार म्हातारे असतात. दुसऱ्या दिवशी सकाळी गोठ्यात जाता आलं तर आणखी बरं. ढेप नि सरकी पुढे टाकल्यावर गोऱ्हा लगेच तोंड घालतो की नुसता हुंगून उभा राहतो, हे मी लिहून ठेवतो.

या नजरेने या वर्षी पाहिलेल्या तिघांबद्दल लिहितो. मालकांची नि गावांची नावं देत नाही. भाव पाडण्या-चढवण्यासाठी हा लेख नाही.

पहिला पश्चिमेकडून आणलेला, खिलार रक्ताचा, चौसा. तालुक्यात सध्या सर्वांत जास्त किंमत याची सांगितली जाते. मान उंच, पुढचा भाग भरदार, पाहताक्षणी डोळा ठरतो. मुरमाच्या दाणीवर त्याची सुटण्याची उसळी खरोखर अप्रतिम आहे. पण मी तीनदा पाहिला तो तिन्ही वेळा डाव्या अंगालाच, आणि एकाच जोडीदाराबरोबर. काळ्या मातीच्या रानात सरावाला नेला तेव्हा तो मागच्या पायांनी घसरत होता नि डोकं वर टाकून तोल सांभाळत होता. डोकं वर गेलं की जोडीदाराची मान ओढली जाते. मुरमाच्या दाणीवर तो यंदा बक्षिसं घेईल. सांगितल्या जाणाऱ्या किमतीला तो पुरेल असं मला वाटत नाही.

दुसरा पैनगंगेच्या अंगाचा, तांबडा, कुठल्याच जातीत न बसणारा. घरच्या गाईचा. सहादाती झाला तरी कोणी विचारलं नव्हतं. घरच्या म्हाताऱ्या बैलाशेजारी त्याने दोन वर्षं वखर-डवरा ओढला आहे, आणि ते त्याच्या प्रत्येक पावलात दिसतं. दाणीच्या मधोमध सरळ जातो, रेघेनंतर दहा पावलांत स्वतःच थांबतो, परत येताना शेपटीने माशा हाकत येतो. दुसऱ्या दिवशी ढेपेवर तुटून पडतो. दोष आहे : सुटताना तो जोडीदाराच्या हालचालीची वाट पाहतो, आणि सात सेकंदांच्या खेळात वाट पाहायला वेळ नसतो. खुल्या गटात तो कधी पहिला येणार नाही. पण दोन-तीन हंगामांनी तालुक्याला नवे गोऱ्हे शिकवायला बैल लागतील, त्यासाठी याच्याइतका योग्य दुसरा मी पाहिलेला नाही. त्याच्या मालकाने तो विकू नये असं मी त्याला सांगितलं. तो हसला आणि खताच्या उधारीबद्दल बोलू लागला.

तिसरा ढवळा, वर्धेच्या काठच्या एका गावचा, गवळाऊ वळणाचा. लांब तोंड, तिरपे बदामी डोळे, पातळ कातडी, शेपूट आखूड. दुसा, दुसरा दात अजून पुरता वरही आलेला नाही. इतक्या वर्षांत मी जे गोऱ्हे पाहिले त्यांत अंगचा वेग म्हणाल तर हा सर्वांत वरचा. दोन जोडीदार बदलून, दोन्ही अंगांना जुंपून पाहिला. दोन्ही वेळा जू त्याच्या बाजूने पुढे होतं, म्हणजे ओढणारा तोच. कोणी पाहत नसताना, नुसत्या कासऱ्यावर, बांधावरून पळताना त्याचे कान पुढे असतात. दाणीवर आणला की मागे जातात. रेघ ओलांडल्यावर त्याला धरायला चार माणसं लागली. परत येताना तोंड उघडं, जीभ बाहेर, आणि पुढचा उजवा पाय टेकवताना किंचित बाहेर टाकतो. अजून लंगडत नाही. एक हंगाम दाणीपासून दूर ठेवला, वखराला शांत बैलाशेजारी चालवला, चौसा होऊ दिला, आणि पुढच्या वर्षी दोनच पट पळवला, तर हा आठ-नऊ वर्षं या भागाचा बैल असेल. हे मी त्याच्या मालकाला त्याच्या गोठ्यात उभं राहून, दात नि पाय दोन्ही दाखवून सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. सोयाबीनचा भाव त्याने मला सांगितला, मुलीच्या नर्सिंगच्या फीचा आकडा सांगितला. हंगामाच्या पहिल्या पटावर ढवळा पळाला तर अमुक रक्कम नि सेकंद चांगले आले तर तिच्या दुप्पट, असा एका खरेदीदाराचा शब्द आहे. इसार पोळ्याच्या पाडव्यालाच घेऊन झाला आहे.